गाडी कुठली घ्यावी?

माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे असतात, की ते आपल्याला पडायच्या आधीच त्यांची उत्तरे घेऊन माणसे दारात उभी राहतात. लग्न हा त्यांतला पहिला. तो मला पडायला अजून अवकाश आहे. दुसरा मोटरसायकलचा. तो यंदा भाताची मळणी उरकल्यावर आमच्या घरी मुक्कामाला आला आणि चांगले तीन महिने राहिला.

एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, “औंदा एक गाडी घेऊन टाकूया. सव्वा लाख हाइत. त्यातच काय ते सगळं बसव. तू कॉमर्सचा न्हवं?”

या शेवटच्या वाक्यात कौतुक किती आणि परीक्षा किती, हे मला अजून कळलेले नाही. पण खरा पेच पुढच्या वाक्यात होता. ते म्हणाले, “आणि जूनपासून धाकटीलाबी तूच घेऊन जायचंस.”

आई ताटात आमटी वाढत होती. ती थांबली. “गाडीवरनं पोरगी पाठवायची नाही,” एवढेच म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आता थोडा भूगोल सांगतो. आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला वेंगुर्ला रस्त्यावर, बाचीच्या अलीकडे. बाची संपली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. कॉलेज बेळगावात, रोजचे जाणेयेणे तीसेक किलोमीटर. धाकटी यंदा दहावीला आहे. तिला पीयूसीला सायन्स घ्यायचे आहे, आणि सायन्स म्हटले की बेळगाव गाठावे लागते. बसचे म्हणाल तर पैशाचा प्रश्नच नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकामुलींना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. प्रश्न वेळेचा आहे. प्रॅक्टिकल संपायची वेळ एक आणि बस सुटायची वेळ दुसरी. मधला वेळ संध्याकाळचा, आणि फाट्यापासून घरापर्यंतची वाट अंधाराची. खोली घेऊन राहायचे तर त्याचे भाडे भातात निघत नाही. तेव्हा गाडी आली तर धाकटी सायन्सला जाणार, नाही आली तर जवळ जे मिळेल ते शिकणार, असा सरळ हिशेब होता. तिने तो कुणी न सांगता केला होता. त्या रात्री ती काही बोलली नाही; पण दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत गाड्यांच्या किमती तिच्या अक्षरात लिहिलेल्या सापडल्या.

बातमी कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. कॅन्टीनच्या कट्ट्यावर आमचे तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष दीडशे सीसीवाल्यांचा. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत मोठ्याने बोलणारा. यांच्या मते मोटरसायकलचा इतिहास २००१ साली सुरू होतो, कारण त्या वर्षी पल्सर बाजारात आली. त्याआधी माणसे कशी जात-येत असतील याची त्यांना दया वाटते. “मर्दा, शंभर सीसीची घेऊन काय करतोस? दूध घालायला जातोस काय?” असा सवाल एकाने टाकला. आमच्या गावात निम्मी घरे खरोखरच दूध घालायला जातात आणि शंभर सीसीवरूनच जातात, त्यामुळे मला तो टोला नीट लागला नाही.

दुसरा पक्ष बुलेटवाल्यांचा. यांत सभासद थोडे; पण श्रद्धा दांडगी. हे किंमत विचारत नाहीत, मायलेज विचारत नाहीत, फक्त आवाज ऐकतात. यातल्या एकाकडेही स्वतःची बुलेट नाही. तिसरा पक्ष एकाच माणसाचा. तो इलेक्ट्रिक स्कूटर घे म्हणाला. आमच्याकडे मिरगाचा पाऊस सुरू झाला की वीज कधी येते आणि कधी जाते हे सांगितल्यावर त्याने चहा संपवला आणि विषय बदलला.

या तिन्ही पक्षांना पुरून उरेल असे एक उत्तर मात्र मामांच्या परड्यात ताडपत्रीखाली उभे आहे. ती येझदी. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक आहे ते २०२२ साली नव्याने आलेल्या गाडीमुळे. मी म्हणतो ती खरी, म्हैसूरची. आयडियल जावा नावाचा कारखाना म्हैसूरला १९६० साली निघाला. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर आधी जावा आणि मग येझदी अशा गाड्या त्याने काढल्या आणि १९९६ साली तो बंद पडला. तिची एक गंमत अशी, की किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा आणि गिअर टाकायचे. दोन बाजूंना दोन सायलेन्सर. इंजिन टू-स्ट्रोक; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागते आणि मागे निळसर धूर सोडत ती जाते. त्या धुराचा वास आणि तो आवाज ज्याने लहानपणी घेतला तो माणूस दुसऱ्या गाडीला नावाजत नाही. मामांनी ती पंचवीस वर्षे चालवली. मला म्हणाले, “घेऊन जा की. पैसे कशाला घालवतोस? फुकट हाय.”

फुकट या शब्दाबद्दल कॉमर्सच्या विद्यार्थ्याने नेहमी साशंक राहावे. भांडवली खर्च शून्य असला तरी चालू खर्च कुठे सुटतो? सुटे भाग शोधत हिंडायचे, लिटरला मिळाले तर तीस किलोमीटर, आणि संध्याकाळी बंद पडली तर धाकटी रस्त्याकडेला उभी. येझदी गाडी म्हणून थोर आहे. माझ्या कामाची नाही.

असो. मी कागद घेऊन बसलो. एक सांगायला हवे: दहावीपर्यंत माझे सगळे शिक्षण मराठीतून झाले आणि पीयूसीत कॉमर्स एकदम इंग्रजीतून समोर आले. तेव्हा मी ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द पाठ केला आणि तो काय आहे हे कळायला मला सहा महिने लागले. मग एका जुन्या पुस्तकात ‘घसारा’ हा शब्द वाचला आणि पायातली चप्पल बघितल्याबरोबर सगळा धडा कळला. तेव्हापासून मी हिशेब मनात मराठीत मांडतो आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजीत उतरवतो.

तर मांडणी अशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; त्यामुळे शंभर सीसीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या आत बसते. दीडशेची नवी घ्यायची तर सव्वा लाखाच्या पुढे जाते, म्हणजे कर्ज. जुनी घेतली तर सव्वा लाखाच्या आत येते. पण तिचा आधीचा मालक कसा होता ते तिच्या इंजिनालाच ठाऊक. रोज तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसातशे किलोमीटर. लिटरला साठ धरले तर साडेबारा लिटर, पंचेचाळीस धरले तर जवळजवळ सतरा. पेट्रोल शंभराच्या पुढेच आहे. फरक महिन्याला चारशेच्या वर, आणि कॉलेजचे दहा महिने धरले तर वर्षाला चार हजार. चार हजारांत दोन चांगली हेल्मेटे येतात.

हे शेवटचे वाक्य मी कागदावर सहज लिहिले. पुढे सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरला.

आमच्या रस्त्यावर हेल्मेटचा एक वेगळाच धर्म आहे. घरून निघताना हेल्मेट टाकीवर असते. उचगाव फाटा, सुळगा मागे पडतात, तिथेही टाकीवरच. हिंडलगा आले, तुरुंगाची भिंत दिसली, की पटापट सगळी हेल्मेटे डोक्यावर चढतात. पुढे गावात पोलीस असतात ना! संध्याकाळी परतताना हाच विधी उलटा. हिंडलगा ओलांडले की हेल्मेट उतरते आणि डाव्या कोपरात अडकते. शहाणपण सुचायला माणसाला तुरुंग दिसावा लागतो, असे आमचे आबा म्हणतात.

एकदा एका स्वाराला पोलिसाने विचारले, “हेल्मेट एल्ली ऐती?” कुठे आहे हेल्मेट? त्याने अदबीने कोपर पुढे करून दाखवले. पोलीसही हसला. दंड मात्र झाला. कायदा पाहायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना गमावायची तरतूद आली. कर्नाटकाने त्याच वर्षी तो दंड पाचशेवर आणला. मागे बसणाऱ्याला हेल्मेट घालायला लावण्याची सक्ती आपल्या राज्याने २०१६ च्या जानेवारीत सुरू केली होती. हे सगळे कट्ट्यावर सर्वांना तोंडपाठ आहे. दंडाची रक्कम तर विशेष. हेल्मेट ही पोलिसाची वस्तू असून आपण ती त्याच्यासाठी वाहून नेतो, अशीच सर्वांची समजूत दिसते.

आईचे ‘पाठवायची नाही’ मात्र पोलिसामुळे नव्हते.

मामांचा मुलगा, आमचा दादा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बेळगावात रविवार पेठेत एका दुकानी कामाला होता. बैलहोंगल, सौंदत्तीकडची गिऱ्हाइके तिथे येत आणि दादा त्यांच्याशी त्यांच्याच कन्नडमध्ये घासाघीस करी. मालक म्हणे, याच्या जिभेवर माझी निम्मी विक्री चालते. माझे कन्नडही दादाने घडवलेले. शाळेत कन्नड विषय होता खरा. पण तो पुस्तकाचा. सुट्टीत दादा मला गाडीवर मागे बसवी आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावी. एक अक्षर चुकले की गुडघ्यावर चापट.

त्या पाट्यांनी मला फार बुचकळ्यात टाकले होते. एका वळणावर लिहिलेले होते, ‘निधानवागि चलिसि’. मला वाटले, निधान म्हणजे ठेवा, खजिना. सरकार इथे काही पुरून ठेवल्याचे सांगते की काय? दादा हसून हसून गाडी थांबवायच्या बेतात आला. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. पुढच्या पाटीवर ‘अवसरवे अपघातक्के कारण’. मराठीत अवसर म्हणजे सवड, संधी. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. म्हणजे एका भाषेत ज्याला निवांतपणा म्हणायचे त्यालाच दुसरीत धांदल म्हणायचे! ‘अपघात’ हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच, अर्थही तोच.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, दादा संध्याकाळी घरी येत होता. ऊस सुरू झाला होता, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. तो काही जोरात नव्हता. मागून येणाऱ्याने सांगितले, चाळिशीच्या आतच असेल. कुत्रे आडवे आले. गाडी घसरली. गाडीचे म्हणाल तर हँडल वाकले आणि एक आरसा फुटला, त्याची दुरुस्ती दोन हजारांत झाली. दादाच्या हातापायांना नुसते खरचटले होते. हिंडलगा मागे पडलेले होते आणि हेल्मेट कोपरात होते. हेल्मेटला एक ओरखडासुद्धा नव्हता. ते अजून मामांच्या घरी आहे, नव्यासारखे.

दादा चाळीस दिवस दवाखान्यात होता. डोक्याच्या डाव्या बाजूला मार होता. शुद्धीवर आला तेव्हा माणसे ओळखत होता. पण शब्द नव्हते. पाणी हवे असले तर पाण्याकडे बघायचा आणि डोळे भरून यायचे. मग हळूहळू एकेक परत येऊ लागले. आधी आकडे आले, एक-दोन-तीन, सरळ ओळीने. मग देवांची नावे. मग शिव्या. शिवी आली तेव्हा मामींनी देवापुढे साखर ठेवली. वर्षभरात मराठी पुष्कळशी आली. अजून अडखळतो, पण बोलतो. कन्नड आले नाही. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या बाबतीत कधी एक आधी परतते, दुसरी मागाहून येते, कधी येतही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. समोरचा काय म्हणतो ते दादाला बहुतेक कळते. उत्तर द्यायला जातो आणि तोंडाशी काही येत नाही.

रविवार पेठेतले काम अर्थातच गेले. मालकाने सहा महिने पगार दिला, माणूस चांगला. आता दादा शेतात असतो. येझदीवर ताडपत्री पडली ती तेव्हापासून. परवा त्याच वळणावर आम्ही दोघे चालत होतो. त्याने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने वाचून दाखवले. त्याने माझ्या गुडघ्याऐवजी पाठीवर चापट मारली.

अकाउंटन्सीत आम्हाला ‘गुडविल’ शिकवतात. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण धंद्याचा सगळा जीव तिच्यात. सर ते शिकवत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रविवार पेठेतला दादा होता.

यानंतर मी हेल्मेटबद्दल जे मिळेल ते वाचले. इंग्रजीच्या तासाला एकदा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या १९६२ च्या चित्रपटाचा विषय निघाला होता. त्याची सुरुवातच मोटरसायकलच्या अपघाताने होते. हा लॉरेन्स खरा माणूस. वाळवंटातल्या लढाईतून जगला-वाचला आणि १९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडातल्या एका साध्या रस्त्यावर दोन सायकलस्वार पोरांना चुकवताना पडला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली निबंध लिहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोपे स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर ब्रिटनमध्ये सक्ती यायला मात्र १९७३ साल उजाडले. म्हणजे साहेबालाही हिंडलगा दिसायला बत्तीस वर्षे लागली.

हेल्मेट करते काय? वरचे कवच कठीण, ते मार पसरवते. आतला थर थर्मोकोलचा. टीव्हीच्या खोक्यात असतो तसलाच दिसतो, जरा दाट. खरे काम तो करतो; आपटल्याबरोबर तो चिरडतो आणि डोके एका झटक्यात थांबण्याऐवजी किंचित सावकाश थांबते. निधानवागि! तो थर एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट टाकून द्यायचे असते. आणि वेगाचे म्हणाल तर शाळेतले सूत्र वापरून बघा: दीड मीटर उंचीवरून डोके नुसते खाली आले, गाडी उभी असली तरी, तर ते ताशी एकोणीस-वीस किलोमीटरने जमिनीला लागते. ‘गावातल्या गावात कशाला हेल्मेट?’ असे म्हणणाऱ्यांनी ही आकडेमोड एकदा करावी. नीट बांधलेल्या हेल्मेटने अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांची छाननी करून काढलेले आकडे सांगतात. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९. आणि या पन्नास हजारांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते.

हा शेवटचा आकडा मी आईला सांगितला नाही. तिला आकड्यांची गरज नव्हती. मी तिला एवढेच सांगितले की गाडी हलकी घेणार, शंभरची घेणार, आणि धाकटीचे हेल्मेट माझ्या हेल्मेटइतकेच चांगले घेणार. आणि ते गाडीच्या आधी घेणार. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी धाकटीला म्हणाली, “वेणी खाली घालायची मग. अंबाड्यावर ते बसायचं नाही.” आमच्या घरात होकार याच पद्धतीने येतो.

शंभर सीसी ठरल्याचे कळताच कट्ट्यावर सुतक पाळण्यात आले. मला त्याचे काही वाटत नाही. ९७.२ सीसीचे जे इंजिन १९९४ च्या स्प्लेंडरने घरोघरी नेले, त्याच्या जोरावर या तालुक्यात किती दूध, किती शाळामास्तर आणि किती लग्नाची बोलणी इकडून तिकडे गेली असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. जिला पाहायला कुणी थांबत नाही अशी गाडी. धाकटी मागे बसली असताना लोकांनी थांबून पाहावे अशी माझी इच्छाही नाही. उणे एकच सांगतो. सव्वाशे सीसीच्या पुढच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस असणे भाग आहे; त्यात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरत नाही. लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागतील एवढीच सोय सक्तीची. आमच्या पावसात एबीएसची उणीव जाणवेल. बाबांना मी हेही सांगितले. ते म्हणाले, “मग पावसात हळू चालव.” या तंत्राला अद्याप पर्याय निघालेला नाही.

हेल्मेटे आणायला आम्ही दोघे बसने बेळगावला गेलो. कॅम्पातल्या दुकानदाराने आधी फीत घेऊन भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजला. माझा अठ्ठावन्न सेंटिमीटर, धाकटीचा चोपन्न. मी लहानपणापासून तिला ‘डोकं मोठं झालंय’ म्हणत आलो होतो. हिशेब उलटा निघाला आणि तिने तो दुकानातच जाहीर केला. मग त्याने शिकवले: मागे आयएसआयची खूण आणि ४१५१ हा आकडा बघायचा; १ जून २०२१ पासून त्या खुणेवाचून हेल्मेट विकायलाच बंदी आहे. पट्टा बांधून हनुवटीखाली दोन बोटे शिरतील एवढीच जागा ठेवायची. मग मागून वर ढकलून बघायचे. निघून आले तर ते डोक्याचे नव्हे. गालाला थोडे घट्ट लागले पाहिजे, पुढे सैल होते. दुकानदाराने धाकटीपुढे गुलाबी, फुलाफुलांचे एक ठेवले. तिने ते हातात न घेता बाजूला सारले आणि काळे, पूर्ण तोंड झाकणारे उचलले. “मला आत शिरल्यावर कोण बघणाराय?” म्हणाली. दोन्ही मिळून चार हजारांना साठ रुपये कमी.

गाडी पाडव्याला यायची आहे. हेल्मेटे मात्र गेले तीन आठवडे सोप्यात खुंटीवर लटकली आहेत, शेजारी आबांची छत्री. गावात येणारा-जाणारा विचारतो, गाडी कुठे? आई सांगते, मागनं येतीया. धाकटी अभ्यास करताना तिचे चढवून बसते. आत आवाज कमी येतो म्हणे. दादा एकदा आला होता. त्याने दोन्ही उतरवून पाहिली, पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाला, “घट्ट. हां. घट्ट.”

राहता राहिले आबा. शनिवारच्या बाजाराला मी त्यांना मागे बसवून न्यावे, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. परवा दुपारी कुणी नाहीसे पाहून त्यांनी माझे हेल्मेट खुंटीवरून काढले आणि टोपीवरूनच चढवायचा प्रयत्न केला. ते अर्ध्यावर अडकले. मी आत आलो तेव्हा ते तसेच उभे होते.

“टोपी काढा की, आबा.”

“टोपी?” आबा आतून म्हणाले. “टोपी काढून बाजारात जाऊ?”

सव्वा लाखातले सगळे धरून अजून साडेतीन हजार उरतात. त्यात तिसरे हेल्मेट बसते. टोपीचे काय करायचे त्यावर घरात चर्चा चालू आहे.